पळसाच्या पानांचा राघो

आमच्या वैशाखरे गावात शूट झालेला तो सिनेमा फारसा कोणी पाहिला नाही. पुण्यात एकदा दाखवला, एवढेच कानावर आले. बॉम्बस्फोटात नवरा हरवलेल्या आणि देवावरून मन उडालेल्या बाईची ती गोष्ट होती. सिनेमात ती बाई झाली होती माझी शेजारीण सुंदरा.

सुंदराचा नवरा राघो मुंबईत हमाली करायचा. त्र्याण्णवच्या मार्चमध्ये स्फोट झाले, तेव्हापासून त्याचा पत्ता नव्हता. प्रेतही मिळाले नाही. सासू सकुबाई त्याला जिवंतच मानायची. तिने सुंदराला कुंकू पुसू दिले नाही. मुंबईहून आलेले कोणी एसटीतून उतरले की सुंदरा हातातले काम टाकून दारात यायची. बातमी असेल का? आणि असली तर कसली?

२००५च्या उन्हाळ्यात नदीकाठी शूटिंग होते. प्रेत न मिळालेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, तो प्रसंग घ्यायचा होता. पुतळा बांधला देवजीबुवांनी. गावातली क्रियाकर्मे तेच करत. पेटती चूड हातात घेऊन ते थांबले.

"नाव कोनाचं घेऊ?"

"माधव म्हणा ना काका, सिनेमातलं," दिग्दर्शिका निशिगंधा म्हणाली.

"खोटं नाव नाय चालत, बाय. कुठं कोन माधव जिता असंल, त्याला लागंल."

"मग कॅमेऱ्याचं घ्या, बुवा!" मागून कोणीतरी ओरडले. लोक हसले.

सुंदरा हसली नाही. तिने गर्दीत बसलेल्या सासूकडे पाहिले, मग पुतळ्याकडे. पदराचे टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"राघोचं घ्या."

सकुबाई ताडकन उठली. "सटवे, माजा पोर जिता हाय!"

पण बुवांनी नाव घेऊन चूड लावली होती. पाने तडतडू लागली.

"कट! छान! आता विझवा, अजून एकदा घेऊ," निशिगंधा म्हणाली.

प्रॉडक्शनच्या कामाला लावलेला अनंता बादली घेऊन धावला. सुंदरा त्याला आडवी झाली.

"नाय! आरदा नका ठेवू त्याला! इतकी वर्सं आरदाच हाय तो!"

अनंता गोंधळून उभा राहिला. सकुबाई लंगडत पुढे आली आणि तिने त्याच्या हातातली बादली हिसकावली. आता ही आग विझवणार, मग सुनेला घराबाहेर काढणार, असे मला वाटले.

सकुबाई आगीसमोर गेली. मग तिने बादली वाळूत उपडी केली.

"मागं सर गो," ती सुंदराला म्हणाली, "लुगडं पेटंल."