दिगूकाकांचा वळसा

"छान म्हंजे?"

धाराशिवातलं मी ऐकलेलं पहिलं धड वाक्य हे. मिठाईच्या दुकानात बाकड्यावर बसून मी गुलाबजाम खात होते. दुकानदाराने "कसे आहेत?" म्हणून विचारलं, मी "छान आहेत" म्हटलं, आणि शेजारच्या बाकड्यावरून हा प्रश्न आला. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा. "छान काय, आमच्या इथली हवा पण छान हाय. खाल्लं काय ते सांगा की."

मी कोल्हापूरची. खाण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं आवडत नाही. मी तोंडातला घास संपवला आणि सांगितलं, "खवा ताजा आहे, तळण अंमळ जास्त झालंय, पण पाक आतपर्यंत पोचलाय."

"शाब्बास!" म्हातारा दुकानदाराकडे वळला. "ऐकलं का शेठ? तळण जास्त झालंय. मी सकाळपासनं सांगतोय, पण माझं कोण ऐकतो!"

ते दिगंबरकाका. सगळं गाव त्यांना दिगूकाका म्हणायचं. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. मी दवाखान्यांतली रक्ततपासणीची यंत्रं दुरुस्त करते, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी धाराशिवला चक्कर ठरलेली. यंत्राचं काम दुपारी आटोपायचं आणि मग काका मला गाव दाखवायला न्यायचे. "गाव पोटानं बघायचं ताई, डोळ्यानं बघून लई लोकं गेली," हे त्यांचं ब्रीद.

त्यांच्याबरोबर फिरायचे काही नियम होते. कुठंही दोघांत एकच प्लेट. पोटभर खाल्लं की पुढच्या गल्लीचा अपमान होतो, असं ते म्हणत. आधी सुशीला, म्हणजे आमच्याकडच्या मुरमुऱ्यांच्या चिवड्याची ओलसर, गरम बहीण. मग मारवाड गल्लीत कचोरी. दर्ग्याच्या वाटेवर एका अंधाऱ्या खानावळीत खिमा. "ही उस्मानाबादी शेळी. उभ्या मुलखात असं मटन न्हाय." मी लगेच आमच्या तांबड्या रश्श्याची बाजू घेई आणि आम्ही भर रस्त्यात भांडत असू. "तुमच्या रश्श्यात मिरची लपती का मटन, ते आदी ठरवा," म्हणत ते पुढे चालू लागत.

इतिहास सांगण्याची त्यांना भारी हौस, आणि त्यातला निम्मा खोटा. "ह्या पायरीवर हैदराबादेचा सुभेदार घसरून पडला होता बरं का." पुढच्या खेपेला तोच सुभेदार दुसऱ्याच पायरीवर पडलेला असायचा. मी हटकलं तर म्हणायचे, "तब्येतीनं जड होता माणूस. दोनदा पडला आसंल."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली ती माझ्या दुखऱ्या गुडघ्यामुळे. काळ्या मारुतीकडून काकांच्या घरी यायला साळी गल्लीतून सरळ वाट होती. काका कधीच त्या वाटेने येत नसत. भोगावती नदीच्या अंगाने भलामोठा वळसा घालायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, इथनं सरळ जाऊ ना. माझे गुडघे काय सरकारी आहेत का?"

"त्या गल्लीत खायला काय न्हाय," काका म्हणाले आणि वळले. पाठ वळवण्याची ती तऱ्हा पाहून मीही त्यांच्यामागे वळशाला लागले.

खरं काय ते मिठाईवाल्या शेठनी सांगितलं. साळी गल्लीत काकांचा धाकटा भाऊ राहायचा, भास्कर. दोघांचं एकच रान, एकच विहीर, आणि बोलणं बंद. शेतीवाडीचं भांडण असेल म्हणून मी सुस्कारा सोडला, तर शेठ म्हणाले, "छे हो! येळवशीवरनं. आई गेली त्या साली भास्करला रानात पोचायला उशीर झाला. काका थांबले न्हाईत, पूजा उरकून घेतली. भास्कर म्हणला, आई असती तर थांबली असती. झालं! दुसऱ्या सालापासनं त्यानं पूजेची येगळी कोप घातली." एवढ्याशा कारणावरून दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मला हसू येईना आणि रागही धरता येईना.

येळवस काय असते ते मला ठाऊकच नव्हतं. ते कळलं ते त्याच हिवाळ्यात, भलत्याच पद्धतीने. सकाळी एसटीतून उतरले तर गाव बंद. चहाची टपरी बंद, शेठचं दुकान बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दंगलबिंगल झाली की काय, असं वाटलं. काकांना फोन लावला.

"अवो ताई, आज येळवस! वेळा अमावस्या. आज गाव गावात नसतं, रानात असतं. हाय तिथंच थांबा, मी आलो."

काका त्यांच्या खडखडत्या लूनावर आले. मध्यंतरी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. मी ओरडले तर म्हणाले, "डॉक्टर पण आज रानातच हाय. बघत न्हाय." मग लूना मी चालवली आणि काका मागे बसून रस्ता सांगत राहिले.

रान म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटावं असं. ज्वारी पोटऱ्यात आलेली, मध्ये हरभरा. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली खोपटी, तिलाच कोप म्हणतात. आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. काकांनी मातीच्या मडक्यातली आंबील घेतली आणि "व्हलगे व्हलगे, सालम पलगे" म्हणत कोपीभोवती शिंपडत फिरले. याचा अर्थ काय, म्हणून विचारलं. "कानडी मुलखातनं आलंय. अर्थ कुणाला म्हाईत न्हाय, म्हणून तर टिकलंय," काका म्हणाले. मग पंगत बसली. हिरव्या दाण्यांची आंबटसर मिसळभाजी, म्हणजे भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर. वाटेने जाणारा ओळखीचा असो वा नसो, काका बांधावर उभे राहून त्याला हाक मारत, "यावं पाव्हणं, जेवून जावं!" आज कुणाच्याही रानातून कुणी न जेवता जायचं नाही, असा रिवाज.

आणि हाकेच्या अंतरावर दुसरी कोप होती. तिथूनही एक उंच, सावळा माणूस तसाच हाका मारत होता. काकांचा आवाज चढला की त्याचाही चढायचा. वाटसरू बिचारे दोन्हीकडे जेवून मेटाकुटीला आलेले.

काकांनी माझ्या हातात आंबिलीचा तांब्या दिला. ताकात शिजवून आंबवलेलं ज्वारीचं पीठ, वर लसणाचा वास. मी चव सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं. "नका सांगू. मला म्हाईताय. आई गेल्यापासनं मी करतोय, पण तिचा हात काय माझ्या हाताला लागत न्हाय. तिनं शिकवलं सुमनला." सुमन म्हणजे भास्करची बायको. काका पलीकडच्या कोपीकडे न बघता बोलत होते. "झटका आला तवा दवाखान्यात पडल्या पडल्या दुसरं काय आठवलं न्हाय बघा. वाटलं, ती आंबील आता काय आपल्या नशिबात न्हाय."

तेवढ्यात पलीकडून हाक आली, "कोल्हापूरच्या पाव्हण्या, या की हिकडं!"

मी काकांकडे पाहिलं. "जावा," ते म्हणाले. "बोलावल्यावर नाही म्हणायचं नसतं. आणि नीट चाखून या."

मी बांध ओलांडून गेले. सुमनकाकूंनी तांब्या भरून दिला. मी एक घोट घेतला आणि मला कळलं, काका इतकी वर्षं कशाला मुकले होते. ताक तेच, ज्वारी त्याच मातीतली, पण ही घशाखाली उतरताना थांबत थांबत जात होती. मी न राहवून भास्कररावांना म्हटलं, "तुम्ही सगळ्या गावाला बोलावता. काकांना का नाही हो बोलावत?"

ते माझ्याकडे वळले. "दादाला? दादाला कसं बोलवायचं? बोलवायचं ते पाव्हण्याला. घरच्या माणसाला कुणी आवतन देतं का? मी दादाला या म्हणलो, म्हंजे मी त्येंना पाव्हणा केलं की वो!" त्यांनी आपल्या कोपीकडे हात केला. "रान त्येंचं, कोप त्येंची. दरसाली सुमन एक पत्रावळ जादा मांडती. त्येच येत न्हाईत."

मी परत आले तेव्हा काका तसेच बसून होते. "कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"ते सांगते. पण आधी भास्करराव काय म्हणाले ते ऐका." आणि मी शब्दन् शब्द सांगितला. काका ऐकत राहिले. "पाव्हणा केलं म्हणला?" त्यांनी पुन्हा विचारलं. "आणि मी येडा वाट बघत बसलो, की त्यानं येगळी कोप घातली तर त्यानंच हाक मारावी." मग ते उठले. चपला घालायचंही त्यांना सुचलं नाही. ढेकळांतून अनवाणी, एक हात छातीवर ठेवून, ते बांध ओलांडून गेले. पंगतीतली माणसं जेवायची थांबली.

सुमनकाकूंनी पदर डोक्यावर घेतला आणि तांब्या पुढे केला. काकांनी तो तिथंच उभ्याने रिकामा केला. भास्करराव मान खाली घालून उभे.

"मीठ जरा कमी हाय," काका म्हणाले.

"आईच्यात पण कमीच असायचं, दादा."

"व्हय रे," काका म्हणाले, आणि त्या मोकळ्या रानात लहान लेकरासारखे रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू? सुमनकाकूंनी दोघा भावांना ओरडून पत्रावळीवर बसवलं.

त्यानंतर आमच्या फेऱ्या सरळ साळी गल्लीतून होऊ लागल्या. माझे गुडघे सुटले. काका गल्लीत शिरतानाच ओरडायचे, "सुमन, काय केलंयस गं?" आणि सुमनकाकूंच्या हातच्या धपाट्यांवर दोघे भाऊ असे तुटून पडत, की जणू मधली वर्षं जेवलेच नव्हते. त्या गल्लीतही एक सुभेदार पडून गेल्याचं मला लवकरच कळलं. भास्कररावांनी लगेच साक्ष दिली.

काका गेले ते गणपतीनंतर, झोपेतच. मी मातीला पोचू शकले नाही. पुढच्या खेपेला गेले तेव्हा भास्कररावांजवळ बसून आले.

मग मार्गशीर्षाची अमावास्या, येळवस, जवळ आली. मी फोनची वाट पाहत होते. शेठचा फोन आला, रानात या म्हणून. दवाखान्यातल्या ओळखीच्या परिचारिकेचाही आला. साळी गल्लीतून मात्र काहीच नाही. ज्यांच्यासाठी जायचे तेच नाहीत, आता आपला संबंध काय, असं म्हणून मी मनाला समजावत होते, आणि मन काही ऐकत नव्हतं. आदल्या संध्याकाळी भाकरी थापता थापता भास्कररावांचं बोलणं आठवलं आणि माझा हात थांबला. परक्यांचे फोन आले होते. ज्यांचा यायला हवा असं मला वाटत होतं, त्यांनी तो केला नव्हता. मी पिशवी भरली.

एसटी वाटेत बंद पडली. रानात पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. यंदा कोप एकच होती. सगळी माणसं बाहेर बसलेली, पत्रावळी रिकाम्या, आंबिलीच्या मडक्यावरचं फडकं अजून बांधलेलं. भास्करराव मला बघून उठले.

"किती उशीर," ते म्हणाले. "पूजा थांबलीय कवाची."