आईचे चार दिवस

बोरीहून पुण्याला निघाले त्या दिवशी आई गोठ्यातून बाहेर आली नाही. तिला सकाळीच कावळा शिवला होता. दारात जीप उभी, नवरा सामान चढवतोय, माझी ओटी चुलतीनं भरली, आणि आई गोठ्याच्या दाराशी पदर तोंडाला लावून उभी. "नीट जा गं बाई. पोचल्याबरोबर फोन कर." मला असा संताप आला! लेक परमुलखात निघाली अन् हिला शिवाशिव सुचायली. "बस मग तिथंच!" असं तोडून बोलले आणि जीपमध्ये चढले. बोलायला जात होतं काय माझं, पण अजून सलतं ते.

हे मी तुमच्यासाठी लिहायले, तिकडं राहिलेल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुमच्यासाठीही. आपल्या घरी नियम एकच होता. चार दिवस बाजूला, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, मग चूल आणि देव. पुण्यात आमच्या दोन खोल्यांत बाजूला बसायचं म्हटलं तर वॉशिंग मशीनवरच बसावं लागेल. मी पॅकिंगच्या लाइनवर काम करते, आठ तास उभ्यानं. पॅड बदलायला जायचं तर सुपरवायझरला सांगून जावं लागतं. तिकडं आई माझ्या नुसत्या तोंडाकडं बघून म्हणायची, "पोट दुखायलंय ना? पड जरा." इथं आठ वर्षांत मला "पड जरा" असं कुणी म्हटलेलं नाही. नवरा चांगला आहे हो, पण त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

पहिल्याच वर्षी बाथरूममध्ये माझ्या अंगावरून लिंबाएवढा काळसर गोळा पडला. आतलं काहीतरी तुटून आलं असंच वाटलं. आईला फोन लावला तर ती म्हणाली, "भिऊ नको, गाठी पडतातच. मला तर लय पडतात. धने-जिऱ्याचं पाणी पी, उष्णता हाय अंगात." मी धने भिजत घातले. "मला तर लय पडतात" हे नीट ऐकलंच नाही मी.

गेल्या वर्षी जिन्यात चक्कर येऊन बसले, तेव्हा शेजारणीनं ओढत डॉक्टरबाईंकडं नेलं. "पाळी किती दिवस असते?" "चार." त्यांनी लिहून घेतलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "पाचव्या दिवशी पॅड लावता?" म्हटलं, लावते की. "सहाव्या?" लावते. "आठव्या?" लावते, म्हटलं हळूच. खोटं बोलायचं नव्हतं मला! घरात चारच मोजायचे असतात, म्हणून मीही चारच मोजत आले. उरलेले दिवस कुणी मोजतच नव्हतं.

त्यांनी मग निवांत समजावलं. रक्त भराभर जायला लागलं की आतच साचतं आणि साचलं की थिजतं, त्याच्या या गुठळ्या. त्यात गर्भपिशवीच्या अस्तराचे तुकडेही असतात. बोराएवढी एखादी पडली तर घाबरायचं कारण नाही. पण लिंबाएवढ्या पडायला लागल्या, तासातासाला पॅड भिजायला लागलं, किंवा आठवड्याच्या वर चाललं, तर दाखवायचं. पाळी चुकली असेल आणि करड्या रंगाचं, मांसासारखं काही पडलं, तर ते दिवस राहून पडलेलंही असू शकतं, तेव्हा तर थांबायचंच नाही. माझं रक्त कमी भरलं, म्हणून त्यांनी रक्ताच्या गोळ्या दिल्या; रक्त कमी असलं की कच्चे तांदूळ, माती खावीशी वाटते, हेही सांगितलं.

घरी येताना रिक्षात आई डोळ्यांपुढं आली. हापशापासून घरापर्यंत दोनदा टेकणारी, पांढरी पडलेली, येता-जाता कच्चे तांदूळ तोंडात टाकणारी. लगेच फोन केला. तर ही म्हणते, "अगं गल्लीतल्या दोघींनी पिशवी काढली. दिवाळी झाली की मी बी काढते, कटकट मिटंल." मी म्हटलं, "रक्त किती आहे अंगात, बघितलं का कुणी?" "डॉक्टरला समदं सांगितलंय की. चार दिवस जातं, गाठी पडतात." चार दिवस! त्याच आठवड्यात मी रजा टाकून बोरी गाठली आणि आईला परभणीला नेलं.

परभणीच्या दवाखान्यात रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन सहा. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अशा अंगावर पिशवी काढायला गेलो तर जिवावर बेतेल. मावशी, खरं सांगा, किती दिवस जातं?" आई म्हणाली, "चार." मी म्हटलं, "आई!" तिनं दाराशी उभ्या शिपाई बाईकडं बघितलं. डॉक्टरबाईंनी शिपाई बाईला बाहेर पाठवलं, दार लोटलं. मग आई कशीबशी म्हणाली, "नऊ. कधी अकरा."

बाहेर बाकड्यावर ती माझ्याकडं बघेना. "घरी सांगू नको," म्हणाली. "चार दिवसाच्या वर बाजूला बसले असते तर सैपाक कुणी केला असता? तुमी भावंडं शाळेत, तुमचे दादा रानात. पाचव्या दिवशी न्हाऊन चुलीपाशी बसायचे, रक्त जायलंच असायचं. देवाला दिवा बी लावला तसाच. वीस वर्षं. कुणाला कसं सांगू? तुमच्या पोटात गेलं ते समदं. बाटवलं का गं मी तुमाला?"

मला रडू फुटलं. लिंबाएवढ्या गाठी पडत असताना ही बाई चार माणसांच्या भाकरी थापत होती, आणि भीती कशाची, तर आम्हाला बाटवल्याची.

पिशवीत एक लहान गोळा निघाला, साधाच, कॅन्सरचा नाही. आता रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या चालू आहेत, शिरेतून लोह चढवलंय, आणि पिशवी काढायची का नाही ते रक्त भरल्यावर बघू म्हणाल्यात. परवा फोनवर आपणहून म्हणाली, "या खेपेला सात दिवस. गाठी बोराएवढ्या." दादा, म्हणजे माझे वडील, शेजारीच खाटेवर होते, त्यांचं खोकणं मला ऐकू येत होतं.

मला पुण्यात कुणी गाव विचारलं की मी बोरी सांगते. पण आठवण येते ती बोरीची नाही. चुलीपुढं वाकलेली आई, तिच्या हातची आंबाडीची भाजी, तव्यावरून थेट ताटात पडलेली भाकरी, माझं घर तेवढंच. त्या बाकड्यावर मी तिला उत्तर दिलं ते तुम्हालाही सांगते: ते बाटलेलं असंल तर आई, मला बाटलेलंच पाहिजे.