खोक्यात न झोपलेला खोत

फोन महेशचा होता, माझ्या मित्राच्या, दामूच्या मुलाचा. मी रोह्यात एका साखरपुड्याचं शूटिंग करत होतो आणि मुलीची आत्या आपली नथ कॅमेऱ्यात नीट येते का, हे विचारून विचारून माझा जीव खात होती. त्या गोंगाटात एका कानात बोट घालून मी फोन घेतला. "काका, बाबा गेले," महेश म्हणाला. आणि मी विचारलं, "कुठं गेले?" अहो, खरंच असं विचारलं मी! दामू जाणार कुठं? पेणजवळचं ते गाव, अंगणापलीकडचा गणपतीचा कारखाना, आणि फार तर रोह्याला माझ्या घरी... याच्या पलीकडे जाणारा माणूसच नव्हता तो. अलिबागला लग्नाला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवसापासून तो न जायची निमित्तं शोधायचा. महेशने पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कॅमेरा भागीदाराच्या हातात दिला आणि तसाच पेणला निघालो.

सकाळी छातीत कळ आली, अँब्युलन्स आली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला आणि दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं. सुलभावहिनी, म्हणजे दामूची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "भावोजी, जाताना काय बोलले नायत ओ. येतोसुदा म्हणाले नायत." आता घरातून निघताना 'जातो' आपल्याकडे कुणीच म्हणत नाही, सगळेच 'येतो' म्हणतात. पण दामूचं प्रकरण त्याच्याही पुढचं होतं. अंगण ओलांडून कारखान्यात जायचं असो की कोपऱ्यावरून तंबाखूची पुडी आणायची असो, हा उंबऱ्यात थांबून "येतो गो" म्हणायचा, आणि आतून "या" आल्याशिवाय चपलेत पाय घालायचा नाही. वहिनींनी मिक्सर लावला असेल तर मिक्सर थांबेपर्यंत दारात उभा. मी चिडवायचो, "अरे, समोर तर चाललायस, व्हिसा कसला मागतोस?" तो नुसता हसायचा. त्या सकाळी मात्र मास्कमुळे त्याला बोलता आलं नाही आणि त्या धावपळीत वहिनींचंही 'या' राहिलं. तेराव्याच्या दिवशी सगळे पांगल्यावर त्यांनी पुन्हा तेच काढलं, "तेवडं राहूनच गेलं ओ." "असं मनाला लावून घेऊ नका," म्हणालो. असल्या वेळी माणूस जे निरुपयोगी बोलतो ते सगळं बोललो.

दामू आणि मी पेणच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी रोह्यात फोटो स्टुडिओ टाकला आणि तो वडिलांच्या कारखान्यात बसला. काम आखणीचं, म्हणजे गणपतीचे डोळे काढायचं. रंग कुणीही देईल, पण डोळे दामूचेच, असा त्या पंचक्रोशीत त्याचा लौकिक होता. देवाने त्याला स्वतःला मात्र काय रूप दिलं होतं! ताडमाड उंची, आत गेलेले गाल, लांबच लांब बोटं आणि खोल डोळे. तो संध्याकाळी समोरून आला की नवीन माणूस रस्ता बदलायचा. आणि स्वभावाने इतका गरीब की कारखान्यात मांजर व्याली, तर तिची पिल्लं मोठी होईपर्यंत तो कोपरा त्याने झाडू दिला नाही.

माझ्या डोक्यात सिनेमाचा किडा होता. आयुष्यभर लोकांच्या लग्नात अक्षता पडताना टिपून टिपून मी कंटाळलो होतो. अशात वाचनालयात ती जुनी विलायती कादंबरी मराठीत हाती लागली. डोंगरातल्या किल्ल्यात राहणारा, माणसाचं रक्त पिऊन शेकडो वर्षं जगणारा तो सरदार, आपल्या गावची माती पेट्यांत भरून बोटीने परमुलखात उतरणारा... तिच्यावर जगभर सिनेमे निघालेत. म्हटलं, आपल्याकडे का नाही? सरदार कुठून आणायचा, हा प्रश्नच नव्हता. कोकणात गरिबाचं रक्त पिणारा म्हटलं की खोत! आणि खोताचं तोंड तर मी शाळेपासून बघत आलो होतो. दामूला विचारलं, तर म्हणाला, "मला बोलाया किती लागंल?" म्हटलं, "फारसं नाही. बघायचंच जास्त." "मग करतो. बघायचं कामच करतो मी."

त्या थंडीत, कारखान्यात काम कमी असताना, आम्ही सुट्टी मिळेल तसं शूटिंग केलं. कर्म माझं! रात्री शिकार करणारा हा पिशाच्च साडेआठला जेवून नऊच्या ठोक्याला घोरायला लागायचा. दोनदा समजावून पाहिलं. शेवटी सगळी रात्र मी भरदुपारी शूट केली आणि कॉम्प्युटरवर निळी करून घेतली. नीट पाहिलंत तर त्या काळरात्रीत मागे कुणाच्या तरी पापडांचं वाळवण दिसतं. खोताची हवेली म्हणून रोह्यातली कुंडलिकेच्या काठची बंद पडलेली भातगिरण मिळाली, वटवाघळं फुकट. हवेलीत जमीन मोजायला येणारा मोजणीदार म्हणून महेशला घेतला. तो डोलवीला कंपनीत, नाईट शिफ्ट करून थेट शूटिंगला यायचा. खोताने रक्त शोषलेला माणूस दाखवायला वेगळा मेकअप करावाच लागला नाही. रक्त म्हणून कोकमाचं आगळ ठेवलं होतं. दामूला ते इतकं आवडायचं की शॉट लागायच्या आधी वाटी रिकामी. सुळे त्याने स्वतःच घडवून रंगवले होते, ते चहात पडायचे.

पण खरी गंमत लसणीची. कादंबरीत पिशाच्च लसणीला भितो. महेशने लसणीची माळ पुढे केली, खोताने किंचाळून मागे सरायचं. दामू किंचाळला छान, पण मागे सरता सरता त्याने माळेतली एक पाकळी खुडून तोंडात टाकली! मी ओरडलो, "अरे, काय करतोस?" तर म्हणतो, "भाकरीबरोबर रोज खातो रे, हात गेला." मग म्हटलं, खोत देवाला भिऊन पळतो असं दाखवू, गणपतीची मूर्ती आणा. त्यावर मात्र तो ठाम उभा राहिला. "ज्याचं डोळं मीच काडतो, त्याला बगून मी पळू? ते नाय जमायचं." खोत भुताला भिईना, देवाला भिईना, लसणीला तर खाऊन टाकी. मी वैतागून आकाशाकडे बघत बसायचो आणि बापलेक लोळून लोळून हसायचे.

आता शेवट. कादंबरीत त्याला त्याच्या मातीच्या पेटीत झोपलेला असताना छातीत घाव घालून मारतात. पेटी कारखान्यात तयारच होती. परदेशी जाणाऱ्या मूर्ती ज्यात भरतात तसलं लांबडं लाकडी खोकं, खाली पेंढा, वर शाडूची माती. "पण ही माती भावनगरची," दामू म्हणाला, "म्हंजे आपला खोत गुजराती निघाला की रं!" मी कॅमेरा लावला. दामू सुळे बसवून खोक्यात एक पाय टाकतोय, महेश हातात लाकडी खुंटी आणि हातोडी घेऊन उभा, एवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी ते बघितलं आणि किटली जमिनीवर ठेवली.

"ह्ये काय चाललंय?"

"वहिनी, शेवटचा सीन. खोताला मारायचं."

"कोण मारतंय?"

महेशने हातोडी पाठीमागे लपवली. आता वहिनींचा आवाज चढला, "बापाच्या छातीत पोरगा खुंटी ठोकतोय, आन् तुमी फोटू काडताय? जित्या माणसानं खोक्यात निजायचं नाय. उटा आधी तितनं!" मी समजावलं की खोटंच आहे, खुंटी थर्माकोलची आहे, जगभर असाच शेवट करतात. "जगाला करूं दे. माज्या माणसाला मारायचा नाय." मग दामू एक पाय आत, एक पाय बाहेर, असा उभा राहून माझ्याकडे बघायला लागला, सुळ्यांसकट. मी चिडून म्हटलं, "मग सिनेमा संपवू कसा? पिशाच्च मेल्याशिवाय लोक उठतील का?" त्यावर ती बाई काय म्हणाली असेल? "भुतं काय मारतात व्हय, भावोजी? भुतं घालवतात. घालवा त्याला."

मी घरी येऊन बायकोपुढे खूप आदळआपट केली. पण हळूहळू पटायला लागलं. खरंच की... आपल्याकडे भूत मेल्याची गोष्ट कुणी ऐकलीय? त्याला वेशीबाहेर पोचवतात, मानपान देऊन. मग ठरलं, खोताला गावकरी धरमतरच्या खाडीवर आणणार, होडीत बसवणार, आणि खोत गावाकडे वळून शेवटचं वाक्य टाकणार, "जातो मी! पण ह्या मातीत माझं रक्त आहे!" बस्स, होडी निघाली, सिनेमा संपला. वाक्य लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता.

भरतीची वेळ साधून आम्ही धक्क्यापासून लांब, खाजणातल्या दलदलीच्या बाजूला कॅमेरा लावला. होडी एका कोळी मित्राची. 'कुठं खोक्यात घालतील त्यांना' म्हणून वहिनी जातीने हजर, अगदी माझ्या कॅमेऱ्याच्या मागे. दामू काळा कोट घालून होडीत चढला, वळला, खोल डोळे रोखले. काय दिसत होता म्हणून सांगू! मी श्वास धरला. आणि दामू म्हणाला, "येतो."

आणि माझ्या कानामागून वहिनी म्हणाल्या, "या."

"कट! दामू, 'जातो मी' म्हणायचंय! वहिनी, तुम्ही बोलू नका!" पुन्हा केलं. पुन्हा "येतो", पुन्हा "या". पुढच्या खेपेला त्याने तोंड उघडलं, 'जा' ओठांवर आलं, आणि नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली... आणि "येतो." मी डोक्याला हात लावला. "अरे, तू पिशाच्च आहेस, तुला गावाने हाकललंय!" दामू ओशाळून म्हणाला, "तोंडातनं निघतच नाय रे. ती हितं उबी हाय ना." म्हटलं, वहिनी, जरा लांब जाऊन उभ्या राहता का? तर म्हणाल्या, "जातो कसं म्हणतील? पिशाच असला म्हणून काय झालं, त्याला बायको नसंल व्हय?" होडीवाला हसून हसून वल्ह्यावर पडला. ओहोटी लागायला आली होती. जे मिळालं ते घेतलं.

घरी एडिटिंगला बसलो. वहिनींचा आवाज काढून टाकला, तो काही सिनेमात ठेवण्यासारखा नव्हता. पण चित्र कसं कापणार? दामू 'येतो' म्हणतो आणि थांबतो. तिचं 'या' येईपर्यंत तो बापडा तसाच बघत उभा. ते आलं की मान हलवतो आणि मग पाठ फिरवतो. आवाज काढल्यावर तिथं नुसती पोकळी राहिली, होडीला पाणी लागतंय तेवढंच. ती मला कायम खुपायची.

सिनेमा गणपतीत, मंडळाच्या मांडवात दाखवला. लसणीला शिट्ट्या, वाळवणाला टाळ्या, आणि खोत "येतो" म्हणाला तेव्हा तर मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. पुढची कित्येक वर्षं पेणच्या बाजारात पोरं लांबून ओरडायची, "खोत, येतो!" आणि दामू पिशवी सांभाळत, न वळता उत्तर द्यायचा, "या!" कुणीतरी सिनेमाबद्दल जाणकारपणे बोललं, की शेवटी तो जो रोखून बघतो, त्यात पिशाच्चाचं सगळं एकाकीपण आहे. एकाकीपण कसलं डोंबलाचं! परवानगीची वाट बघत होता.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भावोजी, तो पिच्चर घेऊन या. महेशच्या मोबाइलात हाय, पन त्यात हे एवडेसे दिसतात. पडद्यावर लावा." मी चरकलो. इतक्या लवकर बघवेल का त्यांना, असं वाटलं. पण नाही म्हणायची माझी काय बिशाद? प्रोजेक्टर घेऊन गेलो. कारखान्यातच चादर बांधली. चारी बाजूंना पांढऱ्या मूर्ती, डोळे न काढलेल्या. दामूच्या बैठकीजवळ ब्रशांचा पेला होता तसाच, आणि त्यात ब्रशांच्या मधोमध ते सुळे. कुणी हलवले नव्हते. महेश, सून, शेजारपाजारचे, सगळे पोत्यांवर बसले. वहिनी पुढे, चादरीच्या अगदी जवळ.

आणि सांगतो, हसलो आम्ही. सुतक नुकतंच फिटलं होतं तरी, खोताने लसूण खाल्ली तेव्हा वहिनी पदर तोंडाला लावून अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "तुमाला सांगते, घरातली अख्खी जुडी संपवली होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या. महेश स्वतःलाच बघून म्हणाला, "च्यायला, किती बारीक होतो मी." मला वाटलं, बरं झालं आणला सिनेमा.

मग धरमतर आलं. खाडी आली, होडी आली. दामू चढला, वळला. कारखान्यात कुणी हसेना. त्या चादरीवर तो पुरुषभर उंच दिसत होता, होता तेवढाच.

"येतो," दामू म्हणाला.

आणि थांबला. माझी ती पोकळी सुरू झाली. होडीला पाणी लागत होतं, आणि तो खोल डोळ्यांनी समोर बघत उभा होता, बरोबर वहिनी बसल्या होत्या तिकडे.

"या," वहिनी म्हणाल्या. मोठ्याने नाही... स्वयंपाकघरातून म्हणायच्या तसंच.

दामूने मान हलवली, पाठ फिरवली, आणि होडी निघाली.