वाकिजोचे सहा वेढे

पाकदे वाकिजोंनी तुयुल पाळलाय, ही बातमी बू हार्तीच्या भिशीत फुटली आणि बशीतलं तळलेलं तेंपे थंड व्हायच्या आत क्लातेनच्या बाजारापर्यंत पोचली. पाकदे म्हणजे थोरले काका, अख्ख्या गल्लीचे; आणि तुयुल म्हणजे टकलं, उघडंनागडं भुताचं पोर. मालकाच्या सांगण्यावरून शेजाऱ्यांच्या नोटा पळवतं. पुरावा विचाराल तर भक्कम होता. पाकदेंच्या वर्कशॉपच्या खिडकीतून भरदुपारी पांढरेशुभ्र लोट बाहेर यायचे. शिवाय वर्षभरात त्यांच्याकडे धड चार पंखे दुरुस्तीला आले नव्हते, तरी माणूस शीळ घालत फिरत होता. एवढं पुरे नाही का? बू हार्तीने लगोलग कपाटात मूठभर मूग आणि एक जिवंत खेकडा ठेवला. तुयुल आला तर खेळत बसेल, पैशांचं विसरेल. खेकड्याने दुसऱ्याच सकाळी तिच्या नवऱ्याचं बोट धरलं. घरात पैसे काढायला कोण हात घालतं, तेही गल्लीला कळलं.

शेवटी गल्लीचे मुखिया चौकशीला गेले. दारातच थबकले. आत उदाचा वास नव्हता, स्ट्रॉबेरीचा होता.

"काय हो पाकदे, हा कसला नैवेद्य?"

"बसा. हलू नका. लाली बघा लाली!" पाकदे ओरडले.

त्यांच्या हातात अंगठ्याएवढी एक पितळी नळी होती आणि तिच्यात तारेची दोन इवली वेटोळी. पाकदेंनी बटण दाबलं. वेटोळ्यांच्या मध्यावर ठिणगीएवढी लाली उमटली आणि दोन्ही टोकांकडे सारखी पसरत गेली. मग त्यांनी वेटोळ्यांतून कापूस ओवला, त्यावर स्ट्रॉबेरीच्या वासाच्या रसाचे दोन थेंब टाकले आणि पुन्हा बटण दाबलं. फस्स! मुखियांचा चष्मा पांढरा झाला. भूत नाही, पोर नाही. पाकदे वेपच्या, म्हणजे त्या वाफेच्या सिगारेटच्या, कॉइली वळत होते.

त्यांची गंमत अशी की स्वतः ते लवंगेची विडी ओढणारे. वेप त्यांनी जन्मात तोंडाला लावलं नाही. पण तार दिसली की हा माणूस वेडा होतो. अडतीस वर्षं त्यांनी मोटारींचं वाइंडिंग केलं. पाण्याचे पंप, पंखे, शिवणयंत्रांच्या मोटारी, एकदा तर मशिदीच्या भोंग्याची कॉइल शुक्रवारच्या नमाजाच्या तासभर आधी. पुढे नवा पंखा वाइंडिंगपेक्षा स्वस्त मिळायला लागला आणि त्यांचा तार गुंडाळायचा चरखा भिंतीला टेकला. बेकासीला ऑफिसात नोकरी करणारा मुलगा हेरू फोनवर म्हणायला लागला, "बापा, आता पुरे. तुम्ही आणि आई इकडे या. सतराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, आराम करा." त्यांची बायको बुदे तुमिनी सांगते, सतरावा मजला ऐकून यांनी दोन दिवस चहा घेतला नाही. शेवटी बापलेकांत ठरलं: ईदपर्यंत कायमचं काम मिळालं तर क्लातेनला राहायचं, नाहीतर सामान बांधायचं.

अशात एके दिवशी गालिह आला. चौकातल्या वेपच्या दुकानाचा मालक. छाती ढोलाएवढी, धीर मोहरीएवढा. म्हणाला, "पाकदे, ही कॉइल बघा. सोलोहून मागवतो, आठवड्यात मरते. अशी वळता येईल?"

पाकदे हसले. अडतीस वर्षं एकच रीत: जळकी मोटार उकलायची, वेढे मोजायचे, तारेची जाडी मोजायची, तेवढंच परत भरायचं. त्यांनी कॉइल उकलली, सहा वेढे मोजले आणि अगदी तशीच नवी वळली. तांब्याची! वाइंडिंगवाल्याच्या घरात दुसरी तार असते कुठे? वर सवयीने वॉर्निशमध्ये बुडवून उन्हात वाळवली सुद्धा. गालिहने ती बसवून बटण दाबलं, तर तार ढिम्म आणि बॅटरी निखारा. वॉर्निशच्या वासाने दुकानातली सहा माणसं रस्त्यावर आली.

"पाकदे, मला मारायचं होतं तर सरळ सांगायचं!"

दुसरा कुणी ओशाळून घरी बसला असता. पाकदे घरी गेले ते नाचतच. "तुमिनी! अगं, तार अडवते म्हणून तार तापते! तांबं अडवतच नाही, मग सगळा मार बॅटरीवर. मोटारीत तार तापली की आपण रडायचो, इथे तापावी म्हणून वळायची!"

"अहो, भात तापवू का आधी?" बुदे म्हणाली.

त्यानंतर महिनाभर आमच्या गल्लीला झोप नव्हती असं मी म्हणणार नाही, पण दुपारची डुलकी गेली. चरखा पुन्हा कुरकुरायला लागला. गाभ्याला निक्रोमच्या, म्हणजे हीटरच्या, दोन तारा, त्यांच्यावर केसासारखी बारीक तार इतकी दाट की मध्ये नख शिरू नये. मग तिचे वेढे. चार वेढ्यांना वाफ जोरात यायची, पण बॅटरी कढायची. आठ वेढ्यांना बॅटरी निवांत, पण तार तापेपर्यंत माणसाचा श्वास संपायचा. पाकदे दिवसातून दहा वेळा मीटर लावायचे आणि भिंतीवर खडूने आकडे लिहायचे. सहा वेढ्यांची जोडी एकत्र बसवली की मीटर ०.२० ओहम दाखवायचं. भरलेल्या बॅटरीतून एकवीस अँपिअर. बॅटरीची झेप पंचविसाची. पाकदेंनी ०.२० भोवती गोल काढला आणि बुदेच्या भाषेत सांगायचं तर त्या गोलाकडे ते जितक्या प्रेमाने बघायचे, तितक्या प्रेमाने त्यांनी लग्नात तिच्याकडेसुद्धा बघितलं नव्हतं.

गालिहने मग शब्द दिला. जिल्ह्याच्या हॉलमध्ये वाफेची स्पर्धा होती. "तुमच्या कॉइलवर मी जिंकलो, तर दुकानातलं काचेचं टेबल तुमचं, कायमचं; तिथे बसून रोज कॉइली वळायच्या. हरलो तर पाकदे, गिऱ्हाईक सोलोच्याच कॉइली मागणार, मी तरी काय करू?"

म्हणजे एकीकडे काचेचं टेबल, दुसरीकडे सतरावा मजला.

स्पर्धेच्या रविवारी अर्धी गल्ली हॉलमध्ये. बू हार्तीसुद्धा, भाताच्या पुड्या घेऊन. काळ्या भिंतीवर सेंटिमीटरच्या पांढऱ्या रेघा; पाठ एका खांबाला टेकवायची, फुंकायचं, ढग कुठवर पोचतो ते पंच बघणार. तीन फेऱ्या: आठातून चार, चारातून दोन, दोनातून एक. वेप बिनचिपचं, म्हणजे बटण दाबलं की बॅटरी थेट तारेवर. आणि एक नियम असा की दिवसभर प्रत्येकाला एकच बॅटरी, मध्ये चार्जिंग नाही. कॉइल मात्र फेऱ्यांच्या मधल्या पाच मिनिटांत बदलली तरी चालेल.

सोलोचा तोपान पुढे आला. नावासारखाच वादळी, दंडावर ड्रॅगन. मीटरवर त्याची जोडी ०.१२. त्याने फुंकलं आणि पहिल्या दोन रांगा दिसेनाशा झाल्या. "दोन मीटर चाळीस!" हॉल दणाणला. आमच्या गालिहने फुंकलं: दोन मीटर चार. चौथा, कसाबसा आत.

"पंखेवाले आजोबा," तोपान लांबूनच म्हणाला, "रेग्युलेटर एकवर आहे का?"

सगळे हसले. खोटं कशाला बोलू, आमची गल्लीसुद्धा हसली.

दुसरी फेरी. तोपान दोन मीटर बावीस. गालिह दोन मीटर सहा. दोघेच उरले. गालिह धावत पाकदेंकडे आला, घामाने निथळत. "कॉइलींच्या डबीत चार वेढ्यांची जोडी आहे ना? ती बसवा! पटकन!"

"०.१४ होईल. तीस अँपिअर. बॅटरीला झेपणार नाही."

"एकाच फुंकेचा प्रश्न आहे पाकदे! सोळा सेंटिमीटर कमी पडतायत. टेबल हवंय ना तुम्हाला?"

पाकदेंनी डबी उघडली. हो, उघडली! नंतर त्यांनी कितीही नाकारलं तरी मी तिथेच होतो. चार वेढ्यांची जोडी चिमट्यात धरली. समोर घड्याळात तीन मिनिटं. बुदे मागून ओरडली, "काय ते एकदा करा, माझा जीव जातोय!"

मग त्यांची जुनी सवय जागी झाली. चालू मोटारीला वाइंडिंगवाला तळवा लावत नाही, हाताची पाठ लावतो. पाकदेंनी गालिहच्या बॅटरीला हाताची मागची बाजू लावली. कोमट. पिऊन उरलेल्या चहाइतकी. मग नजर वर गेली ती पलीकडे तोपानवर. तो आपली बॅटरी या हातातून त्या हातात उडवत होता, चुलीतून काढलेलं रताळं उडवावं तशी.

पाकदेंनी चिमटा खाली ठेवला. डबी बंद केली आणि चक्क तिच्यावर बसले.

"पाकदे!"

"कापूस बदलतो. तार तीच."

"हरलो तर?"

"तर मी सतराव्या मजल्यावर जाईन आणि तिथून रोज तुझ्या नावाने शंख करीन. जा, फुंक."

तोपान आधी. त्याने बटण दाबलं, दाबून ठेवलं, तोंड लाल झालं, छाती फुगली. ढग निघाला खरा, पण पातळ, दुपारच्या धुक्यासारखा. दमलेल्या बॅटरीत तो जाडजूड तारेचा गठ्ठा तापवायचं बळच राहिलं नव्हतं. पंचांनी दोनदा वाकून बघितलं. एक मीटर अठ्ठ्याऐंशी.

बू हार्तीच्या हातून भाताची पुडीच पडली.

गालिह खांबाला टेकला. बटण. एक, दोन, तीन... सोडलं! ढग निघाला तो गोळा होऊन, घट्ट, शिस्तीत, एकेक रेघ गिळत. एक मीटर साठ, ऐंशी, नव्वद... आम्ही खुर्च्यांवर उभे.

"दोन मीटर पाच!"

मग काय झालं विचारू नका. गालिहने पाकदेंना खांद्यावर घेतलं, बुदेने तोपानलाच मिठी मारली चुकून, आणि मुखियांनी भाषण सुरू केलं ते कुणी ऐकलं नाही. गालिह वरच्या पाकदेंना ओरडून सांगत होता, "टेबल तुमचं! उद्या सकाळी नऊला या, बोर्डावर नाव लिहून घेतो!"

तेवढ्यात हेरूचा व्हिडिओ कॉल आला. बुदेने फोन उंच धरला. बापाला असं खांद्यावर, घामाघूम, केस पांढऱ्या वाफेत, बघून तो गांगरलाच. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "पण बापा, या वयात लोकांना वाफ काढून देणं, याला काय काम म्हणायचं?"

पाकदे खाली उतरले. फोन हातात घेतला.

"तू दिवसभर मीटिंगमध्ये बोलतोस, ते कुणी पट्टीने मोजतं का रे? माझं काम आज तीनदा मोजलं."