वरची सैल ठेवा, साहेब

कुंभिवलीचे आमचे घरमालक काका नसते, तर आज मी अर्ध्याच तोंडानं हसलो असतो. काय घडलं ते पुढं येईलच. पण उपकार कुणाचे हे आधी सांगावं, अशी आमच्या गावाकडची रीत आहे आणि परमुलखात येऊनही ती मी सोडलेली नाही. तर हे काका. माणसाचा गाल त्यांच्याइतका कळणारा माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात नाही, आणि कर्जत तालुका जमेला धरला तरी निघायचा नाही. भाताची चार खाचरं सांभाळणाऱ्या घरात जन्मलेल्या या गृहस्थानं मुंबईत एका खासगी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात बावीस वर्षं नोकरी केली. उतरलेला चेहरा वर ओढून घ्यायला मोठ्या घरच्या बाया तिथं यायच्या. आणि काका शपथेवर सांगतात, पुरुषही काही कमी यायचे नाहीत. तिथले सर्जन, म्हणजे काकांचे साहेब, कापायचे आणि साहेबच शिवायचे. काकांचं काम एकच. सोडवलेली कातडी बोथट आकड्यांनी उचलून धरायची आणि तीन-तीन तास हात हलू द्यायचा नाही. "मी मानसं आतनं वळखतो," ते म्हणत. "भायेरनं काय, सगळीच सारखी."

मी मराठवाड्यातल्या भूमकडचा. सातवीतून शाळा सुटली, एका ट्रकबरोबर इकडं आलो, कुशनचं काम शिकलो आणि काकांच्या हायवेकडच्या पडवीत ट्रकच्या सीटा भरायचं दुकान टाकलं. माझा स्वभाव मुळात धास्तीचा. घरमालक कधी बाहेर काढील म्हणून मी पहिले सहा महिने ट्रंक उघडलीच नव्हती. काका मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात येऊन बसले, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, दोन बोटांनी गाल कानाकडं सरकवून बघितला आणि निकाल दिला, "पन्नाशीपतुर बघायला नको. राहा."

चेहरा वर उचलायच्या रीती तीन, आणि त्या तिन्ही मला पाठ आहेत, कारण माझ्या दुकानातल्या सीटांवर काकांनी त्या किमान शंभर वेळा समजावल्या असतील. रेक्झीनवर हात ठेवून ते सुरू करायचे. "पयली, नुसती वढ. कानाच्या म्होरं चीर मारायची, कातडी सोडवायची, मागं वढायची, जास्तीची कापून टाके. झटपट काम. पन सगळा ताण कातडीवर. दोन-तीन वर्सांत पुन्हा खाली येते, आनि तंवर तोंड कसं दिसतं? फटफटीवर बसल्यागत. वारा नाय तरी वारा लागलेला! दुसरी चुण्यांची. कातडीच्या खाली एक पडदा असतो, त्याला चुण्या घालून शिवायचं. बरी हाय, टिकते थोडी. आनि तिसरी, उचल." इथं त्यांचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली यायचा. ही तिसरी रीत त्यांच्या नोकरीच्या शेवटी-शेवटी आली होती. "तो खालचा पडदाच सोडवायचा आनि वर न्यायचा. कातडी वरनं नुसती पांघरायची, सैल. ताण खाली. वर कायपन नाय."

"मग तिसरीच चांगली की, काका," मी एकदा म्हणालो.

"चांगली म्हनं! त्या पडद्याखालनं धाग्याएवढी नस जाते. तिला धक्का लागला का हसू अर्धंच ऱ्हातं. ज्याचा हात भरवशाचा, त्यानंच ती करावी. बाकीच्यांनी पयली. वाईट दिसंल, पन दोनी बाजूंनी सारखं वाईट दिसंल."

या तीन रीतींत त्यांनी अख्खं जग बसवलं होतं. बांध फुटला की गावातले लोक वरून चिखल थापायचे. काका बांधावर उभे राहून "नुसती वढ!" म्हणून ओरडायचे आणि स्वतःच्या बांधाची भर पार पायापासून उकरून घालायचे. शाळेला नुसता चुना मारणाऱ्या सरपंचांचा कारभारही पहिल्या रीतीतच जमा होता. लोधिवलीच्या एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या मावशीचा गाल अक्षता पडायच्या आधी चाचपला आणि "चुण्यांवर भागंल" असा दिलासा दिला. त्या घराण्याशी बोलणं अजून बंद आहे. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर मुंबईची मोटार थांबली की काका चहा न पिता तिथं घुटमळायचे. एकदा काळा चष्मा लावलेल्या एक बाई उतरल्या. काकांनी त्यांच्या कानामागं एक नजर टाकली आणि मला हलकेच म्हणाले, "टाका आमच्या सायबांचा." कोण त्या, मी किती विचारलं. सगळी दुनिया नावं सांगत सुटते, आणि हा बडबड्या माणूस एवढ्या एका गोष्टीवर दगड होऊन बसायचा. "धरलेलं तोंड बोलून दाखवायचं नसतं रं."

काकींना मात्र या विद्येचं काडीचं कौतुक नव्हतं. "मुंबईच्या बायांचे गाल बावीस वर्सं धरले," त्या चुलीपुढून म्हणायच्या, "आनि हितं पान्याची घागर धरा म्हनलं तर ह्यांचा हात दुखतो!" काका उठून घागर आणत.

आमचं दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. ट्रकवाल्यांना सीट ढोलकीसारखी ताणलेली लागते. मीही रेक्झीन पायानं रेटून ओढायचो आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायचो. खालच्या स्प्रिंगा दोरीनं बांधून काढायला अर्धा दिवस जातो. एवढा वेळ कोण देतो? काका रोज बजावायचे, "खालचं बांध रं आधी. वरची सैल ठेव." मी मनात म्हणायचो, हा दवाखाना आहे का? एका ड्रायव्हरची सीट मी अशीच दोनदा ताणून दिली होती. तिसऱ्यांदा ती शिवणीवर फाटून परत आली. मी खाली वाकून चुका उपटायला लागलो, आणि वर्षभर रेक्झीनखाली दाबून ठेवलेली मोडकी स्प्रिंग सुटली. तिच्या टोकानं माझा डावा गाल कानापुढून जबड्यापर्यंत उघडला.

दुखलं नाही फारसं. भीतीच मोठी होती. तीन वर्षांनी त्या दिवाळीला मी घरी जाणार होतो, आईला तसं पत्र टाकलं होतं, आणि आता हे तोंड घेऊन तिच्यापुढं कसं उभं राहायचं, एवढंच डोक्यात. काका धावत आले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण बांध असो की गाल, सगळ्यांना बजावत सुटणाऱ्या या माणसानं स्वच्छ धोतर फाडून गालावर दाबलं आणि मला खालापूरच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तरुण होते, भले होते, टाके घालायला सुई घेऊन तयार होते. काकांनी हात जोडले. "रक्त थांबवा, धनुर्वाताची सुई टोचा, पट्टी बांधा. पन टाका नका घालू, डॉक्टरसायेब. नस बघायची हाय." डॉक्टर आधी चिडले, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "गाल फुगवता येतो का?" मी फुगवला. एकाच बाजूनं फुगला. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.

मुंबईला काकांच्या साहेबांकडं गेलो ते त्याच फाटक्या सीटच्या ट्रकमधून. सीटचा नुसता सांगाडा उरला होता; ड्रायव्हर त्यावर किलतानाचं पोतं टाकून बसला आणि चौक गावापासून पनवेलपर्यंत मला शिव्या देत राहिला. "टाइट पाहिजे म्हणालो तर इतकी टाइट? स्वतःचं थोबाड फाडून घेतलंस की रे!" काका मध्ये बसून माझा गाल दाबून होते. खड्डा आला की ट्रक उसळायचा, ड्रायव्हर उसळायचा, मी उसळायचो. त्यांचा हात तेवढा जागेवर.

मला वाटेत एक पाप सुचलं, ते लिहितो. वाटलं, साहेबांनी यांना ओळखलंच नाही तर? बावीस वर्षांच्या सगळ्या गोष्टी पडवीत बसून रचलेल्या असल्या तर? नोकरी सुटून सहा वर्षं झाली होती. दवाखान्याच्या दारात काकाही चपला काढून भिंतीला टेकून उभे राहिले. साहेब आले. पिकलेले केस, जाड चष्मा. माझी पट्टी उचलून वाकून बघितली, वर न बघताच म्हणाले, "हात धुतलेस का?"

मी घाबरून हात पुढं केले. ते मला विचारत नव्हते. काका केव्हाच नळाकडं निघाले होते.

भूल तेवढ्या जागेपुरतीच होती. त्यामुळं मी सगळं ऐकत होतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून काकांना बघत होतो. हिरवा सदरा, तोंडावर फडकं, हातात आकडे. पडवीत पाय पसरून बसणारा माणूस हा नव्हेच. नस तुटली नव्हती, चेंगरली होती. साहेबांनी ती मोकळी केली, मग खालचा पडदा सावकाश जुळवला, थरावर थर. दोन तास काकांचे आकडे जागचे हलले नाहीत. शेवटी वरची कातडी शिवायची वेळ आली तेव्हा फडक्यामागून काकांचा आवाज आला. "वरची सैल ठेवा, सायेब."

"ठेवतोय रे बाबा," साहेब म्हणाले. "अजून तसाच आहेस."

ओठाची डावी कड महिना-दीड महिना झोपलेली होती. काका रोज सकाळी समोर बसून माझ्याकडून गाल फुगवून घ्यायचे, दात दाखवायला लावायचे, आणि ते नीट कसे दाखवायचे हे कळावं म्हणून स्वतःही दाखवायचे. काकी म्हणायच्या, "दोन वानरं बसलीत पडवीत!" त्यांच्या या बोलण्यावर एका सकाळी मला हसू आलं आणि ते दोन्हीकडून आलं. काका आत निघून गेले. घागर उचलल्याचा आवाज आला; पाणी तर भरलेलं होतं.

दिवाळीला घरी गेलो. आईनं माझं तोंड दोन्ही हातांत धरून नीट बघितलं आणि म्हणाली, "वाळलास रं." एवढंच. कल्ल्याच्या केसांतली ती रेघ तिला दिसली नाही. मीही सांगितली नाही.

तेव्हापासून माझ्या दुकानात खालचं बांधल्याशिवाय वरचं चढत नाही. ड्रायव्हर कुरकुर करतात आणि सीटा टिकतात. काकी दोन वर्षांमागं गेल्या. परवा दुपारी काका दुकानात पडलेला ट्रकचा आरसा हातात घेऊन बसले होते. दोन बोटांनी स्वतःचा गाल त्यांनी वर सरकवला, थोडा वेळ धरला आणि सोडून दिला. मी थट्टेनं विचारलं, "कुठली लागंल काका? तिसरी?"

"खालचं धरनारी गेली रं," ते म्हणाले. "आता वरची वढून काय करू?" आरसा खाली ठेवताना फळीवर खडखड वाजला. त्यांचे हात हल्ली थरथरतात.

मला शिकलेल्या माणसासारखं मोठं बोलता येत नाही. पण इथं लिहून ठेवतो. काकांचे पाय थकतील, त्यांना उठवायला-बसवायला माणूस लागेल, तो दिवस येईल तेव्हा मी हात धुऊन उभा असेन. कितीही तास लागोत, मी धरीन, आणि हात हलू देणार नाही.