रोलर कोस्टरचं मागचं दार

आमच्या मजल्यावरच्या शॉर्टकटरावांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायला कोणी थांबत नाही. लायसन्स ऑफिसच्या खिडकीमागे त्यांनी उभं आयुष्य बसून काढलं. समोरची रांग वळसे घेत जिन्यापर्यंत जायची आणि हे खुशाल चहात बिस्किट बुडवायचे. या नोकरीने त्यांना एकच ज्ञान दिलं: रांग भोळ्याभाबड्यांसाठी असते, मागचं दार प्रत्येक ठिकाणी असतं, शहाण्याने ते शोधावं.

यंदा सुट्टीत सहकुटुंब थीम पार्क ठरलं, ते लेकीपायी. मागच्या वर्षी रोलर कोस्टरच्या उंचीच्या पट्टीला ती बोटभर कमी पडली होती आणि घरी येईपर्यंत रडली होती. यंदा उंची भरली.

"बाबा, तू माझ्या शेजारी बसायचंस. आईला चक्कर येते." लहान मुलाशेजारी मोठं माणूस हवंच, असा तिथला नियम.

"बसतो की! तेही रांगेत पाऊल न ठेवता," रावांनी शब्द दिला. वहिनींनी कपाळाला हात लावला.

फाटक उघडताच सगळी गर्दी उजवीकडे, रोलर कोस्टरकडे धावली. "जाऊ देत मेंढरं," म्हणत रावांनी कुटुंब डावीकडे वळवलं. डावीकडे बदकांच्या होड्या होत्या. रांग अजिबात नव्हती, कारण तिथे बसणारी गिऱ्हाइकं अजून दुधाच्या बाटलीवर होती. हे तिघं गुडघे पोटाशी घेऊन दोनदा बसले. मग, लोक जेवायला गेले की मैदान मोकळं, या हिशेबाने रावांनी सकाळीच डबा उघडायला लावला. भर दुपारी जाऊन बघतात तर रांग दुप्पट! तितका हिशेब सगळ्यांनाच येत होता.

"थांबा इथेच, दार शोधून येतो," म्हणून राव एकटेच कुंपणाच्या कडेने निघाले. 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी दिसली की त्यांना माहेर दिसल्यासारखं व्हायचं. पहिलं दार झाडू-बादल्यांच्या खोलीचं निघालं. दुसऱ्यातून ते थेट भुताच्या घरात उगवले, आणि त्यांना बघून एक जोडपं असं किंचाळलं की तिथलं पगारी भूत ओशाळलं.

इकडे वहिनींनी लेकीचा हात धरला आणि मुकाट्याने रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पुढे दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी लेकीचा हलणारा दात तपासला, वहिनींनी त्यांना शंकरपाळे दिले, आणि रांग कधी सरकली ते कळलंही नाही.

राव अखेर रोलर कोस्टरच्या बाहेर पडायच्या दाराशी पोचले. तिथल्या पहारेकऱ्याला म्हणाले, "मीही खिडकीवरचाच माणूस. आपल्यातलाच. बघा ना, काही जमतं का?"

"जमतं ना काका. रांगेतून या."

तेवढ्यात लेक अगदी पुढे पोचलेली दिसली. राव साखळीखालून वाकले आणि बरोब्बर वहिनींच्या शेजारी डोकं वर काढलं. रांगेत गलका उठला.

"ओ भाऊ, आम्ही काय कुंड्या आहोत का?"

"अहो, माझी बायको आहे इथे!"

सगळ्या माना वहिनींकडे वळल्या. सकाळपासूनची बदकं वहिनींच्या डोळ्यांपुढून संथपणे पोहत गेली.

"कोण हे?" वहिनी म्हणाल्या. "मी नाही ओळखत."

राव आले तसे साखळीखालून परत गेले. लेकीशेजारी डॉक्टरीणबाई बसल्या. लेक केस पिंजारून खाली आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"आली ना मजा?" रावांनी चाचरत विचारलं.

"खूप! पण शब्द तू दिला होतास."

राव लेकीला घेऊन गुपचूप रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. थोड्याच वेळात तिथूनही त्यांचा आवाज येऊ लागला: "ओ ताई, घुसता कुठे? शिस्त म्हणून काही आहे की नाही माणसाला?"

संध्याकाळी नंबर लागला. लेक सांगते, पहिल्या चढावर बाबाने डोळे मिटले ते पट्टा सुटेपर्यंत. राव म्हणतात, छे, वारा लागत होता.

खाली उतरले तर गर्दी पांगलेली, साखळ्यांमध्ये चिटपाखरू नाही. लेक उड्या मारायला लागली. "बाबा, रांगच नाही! चल, परत!"

रावांनी बाहेरचा कठडा अजून सोडला नव्हता. त्यांनी त्या रिकाम्या वाटेकडे संशयाने पाहिलं.

"रांग नाही म्हणजे काहीतरी खोट असणार," ते म्हणाले. "चला घरी."