अर्धा कोयता

पाथरीच्या बसस्थानकात लिपिक म्हणून रुजू झाले त्याच दिवशी एका म्हाताऱ्याने खिडकीतून मला 'माय' अशी हाक मारली. माझं वय तेवीस, गाव रत्नागिरीकडचं. हाक फार झोंबली. मी काही बोलणार, तोच शेजारच्या टेबलावरचे वाहतूक नियंत्रक वही न सोडता म्हणाले, "इथं लेकीलाबी माय म्हणतेत. त्यानं तुमाला घरात घेतलं, अन् तुमी दार लावून घ्यायलाव."

हे ज्ञानदेवराव. सारं स्थानक त्यांना मामू म्हणायचं. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेला एक ड्रायव्हर एकदा त्यांच्याकडे तक्रार घेऊन आला, की मेकॅनिक आपल्याला तीनदा 'हौला' म्हणाला, म्हणजे मूर्ख. मामूंनी विचारलं, चहा पाजला का त्यानं? पाजला, म्हणाला. "चहा पाजून हौला म्हणला म्हंजी दोस्ती झाली. 'शहाणे' म्हणला असता तर मीच तक्रार लिहून घेतली असती." शब्द ऐकायच्या आधी माणूस बघावा, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते तेव्हा नुसतं गमतीचं वाटे.

मग एका दुपारी ती बाई आली. म्हणजे आली होती सकाळीच. दुपारी आमच्या लक्षात आलं, की सोनपेठच्या तीन गाड्या गेल्या तरी ही त्या फलाटावरच्या बाकावरून उठलेली नाही. पन्नाशीची, मांडीवर गाठोडं. कुठं जायचं विचारलं की एकच सांगे, "माझा अर्धा कोयता झालाय." कुणी म्हणालं, कोयता मोडला असेल, नवा घे. तेवढ्यात पहारेकऱ्याला गाठोड्यात पातं असल्याची शंका आली आणि तो ते उघडून बघायला निघाला. मामू खुर्चीवरून जवळजवळ पळतच गेले आणि त्यांनी त्याचा हात धरला.

मला त्यांनी हळू आवाजात समजावलं. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात. त्या जोडीला टोळीत एक कोयता म्हणतात. जोडीतलं एकच उरलं की तो अर्धा कोयता.

मग ते बाईसमोर खाली फरशीवर बसले. बाई, मावशी, ताई असं कितीतरी म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "वैनी, दादा कुठं ऱ्हायले?"

सकाळपासून कोरडी असलेली ती बाई पदर तोंडात घालून रडली. नवरा चार दिवसांपूर्वी उसाच्या फडातच गेला होता, तिकडेच अग्नी दिला. मूलबाळ नाही. गावात फक्त सासू, आणि तिला अजून काहीच ठाऊक नाही. "मी एकलीनं दारात कशी हुबी ऱ्हाऊ, भावजी?" असं तिने विचारलं, आणि मामू उठले. टेबल सहकाऱ्यावर सोपवलं, मला सोबत यायला सांगितलं, आणि आम्ही चौथी गाडी पकडली.

सोनपेठच्या अलीकडच्या गावात तिच्या दाराशी मामूंनी चपला काढल्या आणि तेच आधी आत गेले. म्हातारी तांदूळ निवडत होती. तिने पाव्हणं कुठलं, असं विचारलं. मामूंनी तिचे दोन्ही हात धरले आणि सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. सुनेला एक शब्द बोलावा लागला नाही. म्हातारीचा पहिला आक्रोश त्यांनी स्वतःच्या छातीवर घेतला. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. एवढं मोठं काम माणसाला एका हाकेच्या बळावर करता येतं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी त्यांना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? अनोळखी घर, अनोळखी माणसं.

"वैनी म्हणलो ना," ते म्हणाले. "म्हणल्यावर मागं सरता येतंय का?"

आठवडा उलटला. त्यांचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला, एका दिवसाचा. मामू एकुलते एक, हे मला त्यांच्या कागदपत्रांवरून माहीत होतं. कारणाच्या रकान्यात त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'भावाचे तेरावे'.

मी अर्ज मंजुरीसाठी पुढे पाठवला.